चिमूटभर भिंत

ड्रिल मशीनच्या खोक्यात भोक पाडणारी वस्तू नसते, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. खोक्यात मशीन होतं, दोन बॅटऱ्या होत्या, चार्जर होता आणि सात भाषांतली माहितीपुस्तिका होती, तीत मराठी नव्हती. ज्याने प्रत्यक्ष भोक पडतं ते बिट मात्र नव्हतं. ते वेगळं घ्यायचं असतं. मला माझ्या एम.ए.च्या पदवीची आठवण झाली.

त्या पदवीवर मी बारामतीकडच्या एका महाविद्यालयात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला. तासिका तत्त्व म्हणजे दर वर्षी नेमणुकीचं पत्र मिळतं आणि काम कोणत्या तारखेला संपणार, तेही त्याच पत्रात लिहिलेलं असतं. बाराव्या वर्षी पत्र आलं नाही. त्याऐवजी निरोप समारंभ झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, सरांची उणीव भासेल असं सांगणारी चार भाषणं झाली. त्यातल्या एका वक्त्याने माझा विषय भूगोल सांगितला.

मेहुण्याचं वाघोलीला गोदाम आहे. त्याने लगेच सुपरवायझरची जागा देऊ केली आणि दसऱ्यापर्यंत ती राखून ठेवतो म्हणाला. माणूस मनाचा चांगला. पण त्या जागेचा अर्थ असा की मी आठवडाभर गोदामात, बायको इथल्या शाळेतल्या तिच्या पक्क्या नोकरीवर, मुलगी सहावीत आणि आम्हा तिघांची भेट रविवारी. मला जायचं नव्हतं. बारामतीत घरं उभी राहत होती आणि पडद्याचे रॉड, गिझर, आरसे, देव्हारे भिंतीला लावायला वेळेवर येणारा माणूस कुणालाच मिळत नव्हता. वडिलांच्या हाताखाली मी थोडं सुतारकाम केलं होतं. म्हणून मशीन मागवलं. दसऱ्यापर्यंत हे काम चाललं तर राहायचं, नाहीतर वाघोली, असं नवरा-बायकोत ठरलं. ती फक्त “बघा” म्हणाली. पंधरा वर्षांच्या संसारात ती जेव्हा फक्त बघा म्हणते, तेव्हा बघावंच लागतं.

बिटं घ्यायला मंडईमागच्या गल्लीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराला सगळी बारामती तात्या म्हणायची. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, अंगात पांढरा सदरा. लोखंडाच्या दुकानात पांढरा सदरा घालून बसणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. मी बिटांचा सेट मागितला. त्यांनी मान वर न करता विचारलं, “भिंत कसली?”

“साधीच आहे.”

“साधी भिंत कुठं असती, मला बी दाखवा.”

दुकानाच्या काचेत शंभर बिटांची एक चकचकीत पेटी होती. मी तिच्याकडे बोट केलं. तात्या म्हणाले, ती विकायची नाही. मग ठेवली कशाला, असं विचारल्यावर कळलं की लोकांना दाखवायला. शंभरातली सहा बिटं माणूस वापरतो आणि बाकीची चौऱ्याण्णव सोन्याचांदीसारखी कपाटात ठेवतो, असा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. कंपनीचा माणूस ती पेटी फुकट देऊन गेला होता आणि तात्यांनी ती मोहाचं उदाहरण म्हणून मांडून ठेवली होती.

मग त्यांनी मला त्यांच्या दुकानाचा कायदा सांगितला. ज्या भिंतीला भोक पाडायचं, तिची चिमूटभर धूळ कागदाच्या पुडीत घेऊन यायची. पुडी बघितल्याशिवाय बिट मिळणार नाही. मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. तेवढ्यात एक शेतकरी आला आणि त्याने खिशातून अंगाऱ्याच्या पुडीसारखी पुडी काढून काउंटरवर ठेवली. तात्यांनी ती पांढऱ्या कागदावर उघडली, चिमटीत चोळली, तिच्यावर बाटलीतून दोन थेंब पाणी सोडलं. कागद तांबूस झाला. “बावड्याकडची वीट,” ते म्हणाले, “घर आजोबांच्या वेळचं दिसतंय.” शेतकऱ्याने मान डोलावली. तात्यांनी त्याला एकच बिट दिलं, स्क्रू पकडायला भोकात ठोकायच्या, तेवढ्याच जाडीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या दिल्या आणि मशीनचा हातोडीचा खटका बंद ठेवायला सांगितलं, कारण जुनी वीट ठोक्याने आतल्या आत फुटते आणि वरून शहाण्यासारखी दिसते.

मी घरी जाऊन भिंत खरवडली.

त्या दिवशी मला चार बिटं मिळाली. दोन भिंतीची, टोकाला कठीण धातूची टिकली बसवलेली. एक लाकडाचं, मधोमध सुईसारखं टोक असलेलं, म्हणजे ते फळीवर घसरत नाही. एक लोखंडाचं. शिवाय स्क्रू धरून ठेवणारा लोहचुंबकाचा एक तुकडा. लाद्यांचं बिट मागितलं तर म्हणाले, लादी फोडून या, मग देतो. पहिली लादी प्रत्येकाची फुटतेच; ती स्वतःच्या घरातली फुटलेली बरी. मी आमच्या न्हाणीघरातली फोडली. रुंद पात्याचं, भाल्याच्या टोकासारखं ते बिट मला दुसऱ्या दिवशी मिळालं.

माझा विषय त्यांनी विचारला नाही, पण शिकवत होतो हे बोलण्यावरून ओळखलं आणि मला मास्तर म्हणायला लागले. सगळे सर म्हणतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “सर म्हटलं की माणूस खुर्ची हुडकतो,” ते म्हणाले. दुकानात खुर्ची नव्हती.

दुकानात आणखी एक गोष्ट नव्हती, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. भिंतीत एकही खिळा नव्हता. सामान ठेवायचे घोडे, फळ्या, कपाटं सगळं जमिनीवर उभं. कॅलेंडरसुद्धा रंगाच्या डब्याला टेकवलेलं. अख्ख्या दोन तालुक्यांना भोकं पाडायचं साहित्य विकणाऱ्या माणसाने स्वतःच्या भिंतीला हात लावला नव्हता. कारण विचारलं. दुकान भाड्याने घेताना मालकाने सांगितलं होतं की भिंतीला खिळा मारायचा नाही, आणि तात्या हो म्हणाले होते. तो मालक वारून वीस वर्षं झाली होती. त्याच्या मुलाने स्वतःहून सांगितलं होतं की तात्या, पाहिजे तिथं फळ्या ठोका. “मालक गेला,” तात्या मला म्हणाले, “शब्द हाय की हितंच.”

पुड्या ते टाकून देत नसत. कातरलेल्या सुपारीचे रिकामे डबे त्यांच्याकडे रांगेने होते आणि प्रत्येकावर गावाचं नाव होतं. सुप्याच्या डब्यात काळ्या दगडाची भरड होती, निरवांगीच्या डब्यात तांबूस पीठ. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे मला त्या डब्यांचं फार कौतुक वाटलं आणि मी त्यांना म्हणालो की तात्या, हा तर तालुक्याच्या बांधकामाचा दस्तऐवज आहे. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. डबे त्यांनी एवढ्यासाठी ठेवले होते की त्याच गावचा दुसरा माणूस पुडी न आणता आला, तर त्याला हे दाखवून विचारायचं, असली हाय का तुमची? दस्तऐवज वगैरे शब्द काढला की ते मला बिटं महाग लावतील अशी भीती वाटायला लागली, म्हणून मी पुन्हा काढला नाही.

गिऱ्हाइकाला ते विचारत, काय टांगायचंय आणि कशाला. एकदा एक समाजसेवक आले. खादीचं जाकीट, मागे दोघंजण, त्यातल्या एकाच्या हातात यांचा फोन. त्यांना दिवाणखान्यात चाळीस सन्मानचिन्हं लावायची होती. तात्यांनी पुडी मागितली नाही. कागद घेतला, पेन्सिल घेतली, चाळीस भोकं, चाळीस गिट्ट्या, चाळीस स्क्रू असं लिहिलं, बराच वेळ त्याकडे बघितलं आणि म्हणाले, एक लांब फळी लावा, तीन भोकांत काम होईल. समाजसेवक म्हणाले, पण पुढे अजून मिळतील ना. “मग थोडं दिवस घेऊ नका,” तात्या म्हणाले, “भिंतीला इसावा द्या.” मागच्या दोघांपैकी एकजण हसला. तो पुढे त्यांच्याबरोबर दिसला नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून यादी घेऊन येणाऱ्या तरुणांशी ते भांडत नसत. यादी वाचून परत देत आणि म्हणत, ती भिंत त्या माणसाच्या गावची असेल.

आता ते दुकान नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि चारही भिंतींना वरपासून खालपर्यंत हुक आहेत. तात्या बावड्याला लेकीकडे असतात, ऐंशीच्या घरात आहेत, कान गेलेत, पण फोन केला की पलीकडून आधी कामाची चौकशी होते, मग माझी.

त्यांची एक विद्या मला कुठल्याही पुस्तकात भेटली नाही. झिजलेलं बिट ते परत मागत. झिजलं असं म्हणायचे नाहीत, दमलं म्हणायचे. दमलेलं बिट उन्हात धरून त्याच्या टोकावरून ते ज्याचं बिट असेल त्याला त्याचा स्वभाव सांगत. एका बाजूने झिजलं असेल तर माणूस मशीन तिरकं धरतो, म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. टोक निळं पडलं असेल तर तो बिटाला दम खाऊ देत नाही, म्हणजे घरीही कुणाला देत नसणार. ज्योतिषापेक्षा हे बरं होतं, कारण पुरावा समोर असायचा.

माझं पहिलं बिट मी दीड महिन्याने नेलं. टोक निळं पडून काळपट झालं होतं. काम मिळायला लागलं होतं, पण फार हळू. पहिल्या महिन्यात सात घरं. त्यातल्या एका घरात माझा एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला चहा दिला, सर म्हणाला, माझ्यासाठी पंखा लावला आणि मी स्टुलावर चढून त्याच्या पडद्याचा रॉड लावत असताना खाली मान घालून उभा राहिला. मी तो रॉड फार जोरात लावला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं, आणि मी म्हणालो, छान. मेहुण्याचा दर रविवारी फोन येत होता.

तात्यांनी बिट फिरवून फिरवून पाहिलं. “मास्तर, तुमी दाबत न्हाय. तुमी ढकलता.”

मी म्हणालो, त्यात फरक काय?

“दाबणारा भिंतीकडं बघतो. ढकलणाऱ्याला पलीकडलं कोन तरी दिसत असतं.”

मला पलीकडे कोण दिसत होतं, हे त्यांना सांगायची गरज पडली नाही. मला स्वतःलाच निरोप समारंभातले ते चौघे वक्ते ओळीने दिसले. त्यानंतर मी मशीन जरा हलक्या हाताने धरायला लागलो. बिटं जास्त दिवस टिकू लागली आणि का कोण जाणे, गिऱ्हाइकंही.

तरीही दसरा आठवड्यावर आला तेव्हा माझ्याकडे पुढची फक्त तीन कामं होती. तीन कामांवर माणूस राहत नाही. मेहुण्याने गोदामाजवळ खोली बघून ठेवली होती आणि तिचे फोटो पाठवले होते. खोली चांगली होती. खिडकीतून गोदाम दिसत होतं.

अशात निरवांगीच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कोनशिलेवर आधीच पुरेशी नावं आहेत. गावाने नवं सभागृह बांधलं होतं आणि नवरात्रातच त्याचं उद्घाटन होतं. फोन करणारे बांधकाम समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना आबा म्हणत होतं, मीही म्हणायला लागलो. कोनशिला लावायची होती. ते नीट झालं तर सभागृहातले पंखे, फलक, पडदे, आरसे, पाणी गाळायचं यंत्र आणि शेजारच्या शाळेचं सगळं काम माझ्याकडे, असं आबांनी कबूल केलं. एवढ्या कामात दिवाळी पार पडली असती आणि ते बघून आसपासच्या गावांनी बोलावलं असतं. म्हणजे माझं वाघोलीला जाणं किंवा न जाणं आता एका दगडावर आलं होतं.

दगड काळा ग्रॅनाइट, तीन फूट बाय दोन फूट, दोघांनी उचलावा लागेल असा. नावांचा क्रम चार वेळा बदलल्यामुळे तो उशिरा कोरला गेला होता आणि कोरणाऱ्याने कोपऱ्यांना भोकं पाडायला नकार दिला होता. अक्षर चुकलं तर सावरता येतं, भोकाला दगड फुटला तर प्रमुख पाहुण्यांपासून सदस्यांपर्यंत सगळेच फुटतात, असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं.

दोन दिवस आधी मी भिंत बघायला गेलो. आबा म्हणाले, भिंत अख्खी काँक्रीटची आहे, हत्ती टांगा. नव्याकोऱ्या रंगाला मी भोक पाडू लागलो तर ते अस्वस्थ झाले. म्हणून मी विजेच्या बटणांच्या मागे, दिसणार नाही अशा ठिकाणी खिळ्याने जरा खरवडलं. करडी धूळ निघाली. सिमेंटच. मी ती पुडीत बांधली आणि चाळीस किलोमीटर मागे आलो.

तात्यांनी पुडी उघडली, चोळली, पाणी सोडलं आणि पुडी माझ्याकडे सरकवली. “ही पहिल्या इंचाची हाय.”

मी म्हणालो, भिंतीचीच आहे.

“पहिला इंच समद्या भिंतींचा सारखाच असतो, मास्तर. गिलावा. आत जाऊन या.”

मी सांगितलं की अध्यक्षांनी स्वतः काँक्रीट म्हटलंय, उद्या संध्याकाळपर्यंत दगड लागला पाहिजे आणि परत जाऊन यायचं म्हणजे ऐंशी किलोमीटर. तात्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची पुडी घेतली. अकरा वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ते वाक्य परीक्षेत चार गुणांना यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पुन्हा त्या भिंतीसमोर होतो. आबा यायच्या आत, जिथे दगडाखाली झाकलं जाईल बरोबर तिथे एक बारीक भोक पाडलं. खाली एक जुनी लग्नपत्रिका दुमडून खिशासारखी चिकटवली होती. पहिला इंच करडी धूळ पडली. मग मशीनचा आवाज एकदम बदलला, बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि पत्रिकेत पांढुरकं, मऊ पीठ जमलं. फुंकर मारली तर उडालं.

तात्यांना पुडी उघडावीसुद्धा लागली नाही. ती तळहातावर ठेवून त्यांनी वजन घेतलं. राखेपासून करतात त्या हलक्या ठोकळ्यांची भिंत होती ती, पाण्यावर तरंगणाऱ्या. मी आदल्या दिवशी काँक्रीटमध्ये बसवतात ते लोखंडी अँकर ठोकले असते, तर ते त्या पिठात चोवीस तास राहिले असते किंवा राहिले नसते.

“म्हणजे गावाला फसवलं?” मी विचारलं.

“भिंत वाईट न्हाय. उन्हाळ्यात गार राहती. तिला काँक्रीट म्हणायचं, ते वाईट.”

त्यांनी मला बोटभर लांबीच्या नायलॉनच्या गिट्ट्या दिल्या आणि हातोडीचा खटका त्या भिंतीपुरता विसरून जायला सांगितलं. दगडासाठी त्यांनी गल्ल्यामागच्या डबीतून एक पोकळ, नळीसारखं बिट काढलं, कडेला हिऱ्याची कणी लावलेलं. दगड ओल्या पोत्यावर आडवा ठेवायचा, भोकाच्या जागेभोवती कणकेचं आळं करायचं, आळ्यात पाणी भरायचं आणि मशीन हळू चालवायचं. आणि शेवटची गोष्ट, जी त्यांनी दोनदा सांगितली: दगड चार कोपऱ्यांवर टांगायचा नाही. त्याच्या खाली काटकोनात वळलेल्या पट्टीचा आडवा लोखंडी अँगल द्यायचा, सहा लांब गिट्ट्यांवर, म्हणजे दगड त्यावर बसेल आणि कोपऱ्यांचे स्क्रू त्याला फक्त धरून ठेवतील.

गावात मांडवाचा स्वयंपाक चालू होता. आचाऱ्याकडे कणकेचा गोळा मागितला तेव्हा त्याने जेवायला बसा म्हणून आग्रह केला. पहिल्या भोकाला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत माझ्याभोवती तीस माणसं जमली. दगड फुटतो का नाही यावर दोन तट पडले होते आणि जो फुटणार म्हणत होता तो तट मोठा होता. चौथं भोक पडलं आणि दगडाचा वाटोळा तुकडा सुटून बाहेर आला, तेव्हा फुटणारवाल्यांपैकी एका म्हाताऱ्याने तो मागून घेतला आणि मोठ्या समाधानाने खिशात टाकला.

अँगल बघितल्यावर मात्र आबा बिघडले. दगडाच्या खालच्या कडेला समितीच्या सदस्यांची नावं होती. त्यांच्या बरोबर खाली लोखंडाची पट्टी येत होती.

“सदस्यांना वाटंल, आपल्याला टेकू दिला,” आबा म्हणाले. “काँक्रीटच्या भिंतीला टेकू कशाला?”

भिंत काँक्रीटची नाही, हे मला तीस माणसांसमोर सांगायचं नव्हतं. मी आबांना बाजूला घेतलं, पत्रिकेतलं पीठ दाखवलं आणि फुंकर मारली. आबा म्हणाले, “ते असू दे. पण पट्टी नको. चार स्क्रूवर लावा, उद्याचा दिवस निघाला म्हंजे झालं.”

उद्याचा दिवस खरंच निघाला असता. मलाही उद्याचाच दिवस काढायचा होता. माझं सगळंच त्या एका दिवसावर होतं. चार स्क्रूवर काम मिळवलं आणि दगड सहा महिन्यांनी शाळेतल्या एखाद्या पोराच्या पायावर पडला, तर तेव्हा मी वाघोलीत नसेन, इथेच असेन, असा उलटा हिशोबही मनात येऊन गेला. बोलताना मात्र मला माझाच आवाज फार शांत वाटला.

“मग आबा, मी लावत नाही.”

मी मशीनमधून बिट काढलं, पुसलं, पिशवीत ठेवलं. आबांनी इंदापूरच्या एका फिटरला फोन लावला, मग दुसऱ्याला. नवरात्रात एकही मोकळा नव्हता. मी पोत्यावरची कणीक गोळा करत होतो आणि वाघोलीच्या खोलीच्या खिडकीला पडदा लागेल, रॉड आपणच लावू, असं काहीतरी मनात घोळत होतं. आबांनी पट्टी उचलून उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, “ह्या पट्टीला काळा रंग मारता येतो का?”

येतो, मी म्हणालो.

उद्घाटनाच्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेलो. मांडवात शेवटच्या रांगेमागे उभा होतो, तर शेजारी पांढरा सदरा. तात्या आठवड्याच्या मधल्या वारी दुकान बंद ठेवून आले होते. बावड्याला लेकीकडे निघालो होतो, म्हणाले. बावड्याला जायला या गावात यावं लागत नाही.

प्रमुख पाहुणे आले. ते देहाने भव्य होते. फीत कापली, नारळ फोडला, पडद्याची दोरी ओढली. पडदा अर्ध्यात अडकला, तो आबांनी हिसडा देऊन काढला. टाळ्या झाल्या. मग फोटोवाल्याने जवळ या म्हटलं आणि पाहुण्यांनी फोटोसाठी उजवा तळहात दगडावर टेकवला. नुसता टेकवला नाही, पाय दुखत असावेत, सगळा भार त्यावर दिला. ते बघून आबांनी दुसऱ्या बाजूला हात ठेवला. मग सदस्य आले. एका दगडावर सात हात पडले, आणि फोटोवाला म्हणाला, अजून जरा आत.

मी तात्यांचा दंड कधी धरला ते मला कळलं नाही. “तात्या, ते सगळे रेललेत.”

“रेलू द्या,” तात्या म्हणाले. “भुई धरलीय दगडानं.”

फोटोवाल्याने सहा फोटो काढले. दगड हलला नाही. भाषणं सुरू झाली आणि आबा गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. काळी पट्टी लांबून दगडाचीच वाटत होती. सोमवारी सकाळी या, आधी पंखे घेऊ, मग शाळा, असं सांगून ते परत व्यासपीठाकडे गेले, कारण त्यांचं नाव पुकारलं जात होतं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. लाउडस्पीकरच्या आवाजात तो काय म्हणतोय ते ऐकायला मी मांडवाच्या बाहेर, सभागृहाच्या मागे आलो. तिथून शाळेची लांब भिंत दिसत होती, तिच्यापलीकडे कालव्याकडच्या नव्या घरांच्या अजून गिलावा न झालेल्या भिंती.

“दाजी, खोलीवाला विचारतोय. कधी येताय?”

मी म्हणालो, येत नाही. इथं सोमवारपासून काम आहे.

त्याला राग आला नाही. त्याने काळजीने विचारलं, “किती दिवसांचं?”

अकरा वर्षं मला या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट पाठ असायचं. मी त्या भिंतींकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“ते काही सांगता येत नाही,” मी म्हणालो, आणि कितीतरी वर्षांनी मला माझ्या कामाबद्दल अभिमान वाटला.